अळवातला ट्यूनर

ट्यूनर कुठे ठेवायचा यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरूनसुद्धा झाली नाहीत. लग्नाचं काय, मुलगा बघितला, चहापोहे झाले, जमलं. ट्यूनरच्या बाबतीत मात्र थोरले काका, आई, हसनचाचा, धोंडू गुरव आणि खुद्द गावदेवी एवढ्या सगळ्यांचा विचार घ्यावा लागला, आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचं एकमत म्हणून झालं नाही. हे सांगायला लागले की माझा नातू हसतो. त्याला वाटतं आजी तिखटमीठ लावते. तिखटमीठ मी लावतेच, त्याशिवाय सांगण्यात मजा काय? पण या गोष्टीला ते लावायची गरज नाही.

आमचं घर भाट्याच्या खाडीपलीकडे, रत्नागिरीहून एस्टीनं थोडंसंच, पण त्या वयात मला ते दुसऱ्या मुलखात असल्यासारखं वाटायचं. बाबा मुंबईला नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, येताना माहीमचा हलवा आणायचे आणि निघताना आईला सांगायचे, "पोरीला शिकव." एवढंच त्यांचं राज्य. बाकी सगळं राज्य दोघांचं. अंगणाच्या एका बाजूला आमचं घर, तिथं आई. दुसऱ्या बाजूला थोरल्या काकांचं, तिथं काका. मधल्या अंगणात दोघांची हद्द कुठेही आखलेली नव्हती, त्यामुळे कोंबडी कुठे अंडं घालते यावरूनसुद्धा सकाळी सकाळी बोलाचाली व्हायची. संध्याकाळी पुन्हा इकडची आमटी तिकडे आणि तिकडचं सुक्या जवळ्याचं कालवण इकडे. आमच्यात रागसुद्धा फार वेळ उपाशी राहू शकत नसे.

आईचा जीव दोन गोष्टींत. एक मी, आणि दुसरं मोरीमागचं अळू. या दोघांत पहिलं कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. न्हाणीचं पाणी, भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं वाहत मागच्या दारी जायचं आणि तिथं केळीच्या बुडाशी आईचं अळू बाराही महिने माजलेलं असायचं. देठ काळे कुळकुळीत, पानं सुपाएवढी. अख्खी वाडी अळू मागायला यायची आणि आई प्रत्येकीला स्वतः तोडून द्यायची. दुसऱ्या कुणी वाफ्यात पाय ठेवला की संपलंच. "अळवाला कुणाचा हात लागला ते कळतं," असं ती म्हणायची. "वाईट हात लागला की खाजायला लागतं."

हसनचाचा आमच्याच गावचे, खाडीकाठच्या मोहल्ल्यातले. सगळी हयात बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढून घरी आलेले. लांबलचक माणूस, पांढरी दाढी, आणि बोलायला आमच्यापेक्षा जास्त कोकणी. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या जगाशी बिनतारी बोलायचा, परवाना काढला, यंत्र आणलं, आणि बघतात तो काय, घराला लागून बर्फाचा कारखाना. त्याच्या मोटरची अशी घरघर की कानाला हेडफोन लावला तरी कारखानाच ऐकू यायचा. "समुद्रावर वादळात मला अर्धी दुनिया ऐकू यायची," ते म्हणायचे, "आणि घरी येऊन ऐकतोय काय, तर बर्फ!" मग त्यांनी वाडीतली चार पोरं धरली आणि ओटीवर बसून मोर्स, म्हणजे तारेची टिंबारेघांची भाषा, शिकवायला लागले. पोरं पळाली. मी राहिले. मला ते डिडडा डिडडा इतकं आवडलं की मी पाटावर, ताटावर, रहाटाच्या खांबावर बोटं वाजवत सुटले. आई म्हणायची, "बोटंच नाचवायची असतील तर तांदूळ निवड गो बाय." पण कॉलेज सांभाळून मी परीक्षा दिली, पास झाले, आणि माझ्या नावाचा परवाना आला. चाचांनी त्या दिवशी आपलं यंत्र टेम्पोत घालून आमच्या घरी आणून ठेवलं. म्हणाले, "माझ्याकडं बर्फ ऐकतंय. तुझ्याकडं माणसं ऐकेल."

आता ट्यूनर म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं भांडण समजेल. बोलायचं यंत्र एकीकडे आणि हवेत बांधलेली तार दुसरीकडे. या दोघांचं आपसूक जमत नाही. यंत्रानं पाठवलेलं तार घेत नाही, परत फेकते. तेव्हा मध्ये एक डबा लागतो. आत गुंडाळलेली तार, बाहेर दोन बटणं. ती बटणं फिरवून दोघांचं जमवायचं, की यंत्रातला सगळा जोर तारेत जातो आणि तार तो जगभर सांगत सुटते. चाचांनी आमचा ट्यूनर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता आणि कळावं म्हणून तारेजवळ टॉर्चचा बारका बल्ब लावला होता. बल्ब जितका लख्ख, तितकं जमलं समजायचं. थोरल्या काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ." चाचा म्हणाले, "अगदी तोच." "मंग त्याला आपल्या घरात ठेवू नका," काका म्हणाले. "मध्यस्थ घरात बसला की भांडणं लागतात."

काकांची जीभ काळी होती असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. आम्ही ट्यूनर घरातच ठेवला, माजघरात खिडकीपाशी, यंत्राच्या शेजारी. विहिरीजवळच्या उंच माडावर तार चढवली आणि तिचं दुसरं टोक खिडकीतून आत ओढून ट्यूनरला जोडलं. हाताशी डबा, हाताशी बटणं, बसल्या जागी सगळं. पहिल्या दिवशी मला सिलोनचा एक माणूस मिळाला आणि मी आनंदानं अशी उडी मारली की ओठ समोरच्या माइकच्या जाळीला लागला आणि चटका बसला. चाचा गंभीर झाले. "ओठाला चटका? हे बरं नाही," म्हणाले. पण मला कुठली पर्वा! एकटीनं रत्नागिरी स्टँडच्या पुढे न गेलेली मुलगी मी, आणि माझी बोटं सिलोनला जाऊन आली होती. तो आनंद आज इतक्या वर्षांनी लिहितानाही अंगावर येतो. मला त्या यंत्राशिवाय आता जगताच येणार नाही असं वाटायला लागलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "भाकरीशिवाय जगून दाखव, मंग बोल."

आणि मग रविवार आला. वाडीत टीव्ही एकच, थोरल्या काकांकडे. रविवारी संध्याकाळी पिक्चर, आणि पिक्चरला सगळी वाडी. पुढे पोरं, मागे बायका, खिडकीत बापये, काकी सगळ्यांना कोरा चहा देतेय, असा थाट. आईसुद्धा जायची. एकही रविवार चुकवायची नाही, तिला पिक्चरमधली गरीब आई फार आवडायची. त्या रविवारी हिरोची आई मरणाच्या दारात, हिरो धावत येतोय, आणि तेवढ्यात मी इकडे माजघरात मोर्सची चावी दाबली. तिकडे पडद्यावर हिरोच्या तोंडावरून तिरक्या रेघा, आणि आईच्या शेवटच्या शब्दांऐवजी टुक् टुक् टुक्. वाडी ओरडली. मी काही ऐकलं नाही, माझ्या कानांवर हेडफोन. मी आपली दाबतेय. हिरोची आई माझ्या टुकटुकीतच वारली.

काका दारात आले तेव्हा त्यांच्या मागे पंधरावीस माणसं होती, आणि आईसुद्धा त्यांच्यातच होती, आमच्या बाजूला नव्हे. "बाय," काका म्हणाले, आणि ते शांतपणे म्हणाले म्हणूनच मला धडकी भरली. "तुझा बापूस हितं असता तर त्यानं काय केलं असतं ते मला ठावं नाय. मी काय करणार ते सांगतो. पुन्हा माझ्या टीव्हीवर एक रेघ दिसली, एक, तर माडावर माणूस चढवून तार उतरवून टाकतो. आणि हा डबा चाचांच्या घरी." मागून कुणीतरी म्हणालं, "आजच उतरवा की." तार उतरली तर माझं सगळंच उतरलं. दुसरा एवढा उंच माड आमच्याकडे नव्हता, आणि असता तरी काकांच्या शब्दापुढे कोण जाणार? मी त्या संध्याकाळी जेवले नाही. खरंच जेवले नाही. आईनं माझं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "बघ, भाकरीशिवाय एक वेळ जगलीस."

दुसऱ्या दिवशी चाचा आले, तारेला हात लावून, वास घेऊन, खिडकीतून वाकून सगळं बघून गेले आणि ओटीवर बसून म्हणाले, "काका बरोबर बोलले होते. मध्यस्थ घरात नको." तारेचं जिवंत टोक आम्ही घरात ओढलं होतं, तीच चूक. ट्यूनर बाहेर हवा, तारेच्या पायथ्याशी. तिथून घरापर्यंत जाड केबल जमिनीतून आणायची, म्हणजे जे काय उसळायचं ते बाहेर उसळेल, टीव्हीला त्रास नाही. पण बाहेर ठेवायचा तर जमिनीत अर्थिंग लागणार, आणि आमची जमीन म्हणजे सगळा जांभा. वरून पाणी ओतलं तरी ओल टिकत नाही. "तारेला पाय हवेत," चाचा म्हणाले, "आणि ते पाय ओल्यात हवेत." ओल होती विहिरीच्या काठाला, माडाच्या बुडाशी. आणि तिथंच होता आमच्या जागेवाल्याचा दगड.

जागेवाला म्हणजे जमिनीची राखण करणारा. प्रत्येक जागेचा एक असतो, त्याला वर्षाला नारळ आणि कोंबडा द्यायचा, आणि त्याच्या दगडापाशी विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. आता माझ्या फ्लॅटच्या सोसायटीत लिफ्टचा खड्डा खणताना कुणी कुणाला विचारलं नाही, आणि लिफ्ट सारखी बंद पडते. मी काही म्हणत नाही. पण त्या वेळी काका ताठ उभे राहिले. "दगडाजवळ खणायचं तर देवीचा कौल घ्या. उजवा दिला तर खणा. डावा दिला तर तार खाली." आणि मी मूर्ख, मी आनंदानं हो म्हटलं. मला वाटलं, देवी बाईमाणूस, आपल्या बाजूनं असणार.

कौल लावायला आम्ही सगळे देवळात गेलो. मी, आई, काका, वाडीतली चार म्हातारी माणसं, आणि बाहेर पारावर हसनचाचा, केबलचं वेटोळं मांडीवर घेऊन. धोंडू गुरवानं देवीला स्नान घातलं, ओल्या कळ्या तिच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मग तो हात जोडून उभा राहिला आणि त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" "आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत!" "व्हय म्हाराजा!" "त्यांच्या घरातली ही बाय वाऱ्यावरनं बोलते, कुणाशी बोलते ते तुलाच ठावं!" "व्हय म्हाराजा!" "तर तिचा जो काय तो..." इथं धोंडू अडकला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काय म्हणतात गो त्याला?" मी तोंड उघडायच्या आत पारावरून चाचा ओरडले, "ट्यूनर!" "तर तिचा जो काय टूनर, तो जागेवाल्याच्या शेजारी बसवावा असं तिच्या मनात हाय, तर तू काय ते खरं सांग, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल तर मी.

देवीनं वेळ लावला नाही. डावी कळी टपकन पडली. काका म्हणाले, "झालं," आणि चपला शोधायला वळले. मला रडू फुटलं, आणि देवळात रडायची लाज वाटेना. तेव्हा धोंडू गुरव कंबर सरळ करत म्हणाला, "थांबा की ओ. देवीनं दगडाजवळ नको म्हटलंन. टूनर नको म्हटलेलं नाय. दुसरी जागा असली तर विचारतो." दुसरी ओली जागा? सगळे विचारात पडले. आणि पारावरून पुन्हा चाचा, "मोरीमागं! तिथं बाराही महिने ओल!" धोंडूनं लगेच नवीन कळ्या लावल्या, गाऱ्हाणं पुन्हा घातलं, या वेळी ट्यूनर न अडखळता म्हणाला, आणि उजवी कळी पडली. मी काकांना मिठी मारली. काकासुद्धा हसले, देवीपुढे त्यांचं काही चालत नसे. आम्ही सगळे आनंदात दाराकडे वळलो तर आई तिथंच खांबाला टेकून उभी.

"मोरीमागं माझं अळू हाय," आई म्हणाली.

देवीला विचारलं, गुरवाला विचारलं, पारावर बसलेल्या चाचांचा विचार घेतला. जिचा वाफा, तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. धोंडू चाचरत म्हणाला, "वैनी, आता देवीनं उजवा दिलान..." आई म्हणाली, "देवीचा कौल देवीकडं. मी तिची लेक हाय, आमचं आम्ही बघून घेऊ. पण अळू मी लावलंय. तिथं तुम्ही करंट सोडणार, आणि उद्या अळू खाजायला लागलं तर वाडीला काय सांगू? देवीनं सांगितलं म्हणून खाजतंय?" काका तर चक्क खूश दिसले. घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिच्याशी. देवीचं मन वळवणं सोपं होतं.

चाचा रोज यायचे आणि आईची समजूत घालायचे. अर्थिंगमध्ये करंट नसतो वहिनी, ते नुसतं जमिनीला धरून राहणं असतं. आई म्हणायची, "मंग घराला धरून राहू दे." शेवटी चाचांनीच तोड काढली. होडीच्या बुडाला मारायचा तांब्याचा पत्रा त्यांच्याकडे होता, तो त्यांनी वाफ्याच्या कडेला, आईच्या देखरेखीखाली, तिनं दाखवलं तिथंच, अळवाचा एकही कांदा न दुखवता पुरायचा. मी आठवडाभर यंत्र चालवायचं, टीव्हीची वेळ सोडून. मग आईनं त्याच वाफ्यातलं अळू काढायचं, फतफतं करायचं, आणि सगळ्यांनी खायचं. कुणाच्याही घशाला खाज आली तर पत्रा बाहेर आणि विषय बंद. आईला हे पटलं. घसा खोटं बोलत नाही, म्हणाली.

तो आठवडा मी कशी वागले सांगू! चिऱ्यांचा बारका चौथरा, त्यावर लाकडी खोका, खोक्यावर पत्रा, आत ट्यूनर, माडावरून तिथवर ओढलेली तार, आणि भोवती अळूच अळू. अडचण एकच. बटणं आता बाहेर आणि मी आत. यंत्रावर बोलायची जागा थोडी इकडची तिकडे केली की ट्यूनर पुन्हा जमवायला लागायचा, मग मी यंत्राच्या चावीवर वरवंटा ठेवून ती दाबलेली राहील असं करायचे, धावत मागच्या दारी, अळवात शिरून बटणं फिरवायची, बल्ब लख्ख झाला की धावत परत. माझ्या नातवाकडे आता तळहाताएवढा ट्यूनर आहे, तो स्वतःच स्वतःला जमवून घेतो, क्षणभर कुरकुरतो आणि गप्प होतो. बरं आहे. पण त्याला कधी चिखल लागला नाही. मला गुडघ्यापर्यंत लागायचा, आणि तोच चिखल घेऊन मी आईच्या सारवलेल्या माजघरातून धावायचे. दोन दिवस आईनं दात ओठ खाऊन बघितलं. तिसऱ्या दिवशी मी धावत सुटले तर ती मागच्या दारात आडवी. "थांब! एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ. जमीन सारवून माझे हात गेले. तू बस आत आणि मला ओरडून सांग काय फिरवायचं ते."

असा आमचा कारखाना सुरू झाला. मी आतून ओरडायचे, "आये, डावीकडचं!" ती बाहेरून, "कुणाच्या डावीकडचं?" "तुझ्या!" "मी कुठं तोंड करून उभी हाय ते तुला काय ठावं?" पण तिचा हात बसला. आईला बल्ब कळला. ती बटण असं फिरवायची, हळू, कान देऊन, दूध उतू जायच्या आधी बघावं तसं, आणि चाचांना जमायचा नाही एवढा लख्ख उजेड काढायची. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "आपला वाफा हाय, आपलं ऐकतो."

शनिवारी फतफतं झालं. आठळ्या, शेंगदाणे, चण्याची डाळ, आमसुलं, वर लसणीची फोडणी, आणि तांदळाच्या भाकऱ्या. काका आमच्या पंगतीला मुद्दाम समोर बसले, घसा खाकरून तयार. पहिल्या घासाला सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी घास फिरवला, गिळला, थांबले. आणि खोकले! आईच्या हातातली पळी हवेतच. काका लाल झाले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "मिरची. मिरची दाताखाली आली." त्यांनी ते खरं सांगितलं यासाठी मी त्यांना आयुष्यभर मानत आले. खोटं सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं? चाचांनी तीनदा वाढून घेतलं. म्हणाले, "वहिनी, अर्थिंगनं चव आलीय." आई हसली नाही, पण चौथ्यांदा वाढलंन.

राहिला रविवार. टीव्हीवर रेघ आली की तार खाली, हा काकांचा शब्द अजून तसाच उभा होता. चाचा पिक्चरच्या खूप आधीच काकांच्या घरी जाऊन टीव्हीसमोर बसले, पहारा द्यायला. वाडी जमली. मी यंत्रासमोर बसले आणि म्हटलं, आई तर पिक्चरला गेली असणार, आता वरवंटा शोधायला हवा. तर मागच्या दारातून आवाज आला, "चालू कर गो. मी हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. रविवारचा पिक्चर सोडून माझी आई अळवात उभी होती.

मी चावी दाबली. पलीकडच्या घराकडे कान लावला. ओरडा नाही. पुन्हा दाबली. "आये, उजवीकडचं थोडं." "झालंय कधीच, तू बोल." मी तासदोन तास हाक मारत राहिले, आणि शेवटी आवाजांच्या गर्दीतून एक बारीक, स्वच्छ मोर्स वर आला. मलाच बोलावत होता. रशियातला. सैबेरियातल्या कुठल्याशा गावाचा, बाहेर बर्फ पडतोय म्हणाला. माझा आवाज त्याला इतका छान येत होता की पहिल्यांदा त्याला खरंच वाटेना मी हिंदुस्थानातून बोलतेय. मी आनंदानं ओरडले, "आये! रशिया!" आई म्हणाली, "काय म्हणतो?" "आपलं झकास ऐकू येतंय म्हणतो!" आई म्हणाली, "मंग विचार त्याला, जेवलास काय?"

मी विचारलं. त्याला हा प्रश्न मोर्समध्ये आजवर कुणी विचारला नसावा. मग टुकटुक आली. नाही जेवला. बायको कामावर आहे, ती आली की जेवणार. मी आईला सांगितलं. "आणि तिची वाट बघत हा बसलाय हितं टुकटुक करत? ती दमून येणार आणि मंग रांधणार? त्याला म्हणावं, बटाटे तरी उकडून ठेव!" मी ते पाठवलं, माझ्या आईचा निरोप म्हणून. तो हसला. मोर्समध्ये हसायची खूण असते, त्यानं ती दोनदा पाठवली, आणि म्हणाला, थांबा, भांडं चढवून येतो.

आम्ही थांबलो. तेवढ्यात पिक्चर संपला आणि अंगणातून माणसं आली, पुढे काका, मागे हसनचाचा दाढीतल्या दाढीत हसत, आणि त्यांच्या मागे वाडी. काकांचं तोंड उतरलेलं. "काय गो बाय," म्हणाले, "आज लावलंच नायस? पिक्चर आख्खा संपला, एक रेघ नाय. आमी सगळी वाट बघत बसलो."

आई अळवातून सरळ झाली. एक हात अजून बटणावरच. "कोण म्हणतो लावलं नाय? तुमचा पिक्चर सुरू झाल्यापासनं आम्ही बोलतोय, भावजी. आणि आता हितं गलका करू नका, रशियातला माणूस अजून जेवला नाय."

काकांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा वर माडावरच्या तारेकडे. मग मागे वळून सगळ्या वाडीला हातानं गप्प केलं, आणि त्या माणसाला ऐकू जाईल की काय अशा बेतानं, अगदी हळू म्हणाले, "मंग आधी जेव म्हणावं त्याला. बोलायला काय, तार हायच की."